कासवाच्या तोंडचं वाक्य

रविवार, २१ नोव्हेंबर १९७१

आज उंदीर केला, मांजर केलं, राजाचा जाडा प्रधान केला आणि शेवटी पावसाचा आवाजसुद्धा तोंडानंच काढला. घसा बसलाय. पण काय हसली पोरं! सिनेमाच्या मशीनच्या घरघरीवरून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

क्लबात दर रविवारी दुपारी कामगारांच्या पोरांना कार्टून पिक्चर दाखवतात. पिक्चर सगळे इंग्रजी. पोरांना कळणार काय, कपाळ? म्हणून मी मशीनशेजारी माइक घेऊन उभा राहतो आणि पडद्यावर काय चाललंय ते हिंदीत सांगत जातो, सगळ्यांचे आवाज काढून. सहा दिवस कारखान्यात मी नुसता एक्झामिनर रामकृष्ण, कोणी ढुंकून बघत नाही. रविवारी दोन तास मात्र अख्खं जंगल माझ्या गळ्यात!

आमचे वेल्फेअर ऑफिसर भय्यासाहेब, त्यांची एकच अट. शेवटी बोध सांगायचा. नुसतं हसवून घरी पाठवायचं नाही म्हणतात. आजचा उंदीर राजाचा मुकुट घालून बिळात शिरायला गेला आणि अडकला. बोध — आपल्या मापाबाहेरचं घेऊ नये. मागच्या रविवारी आळशी ढग होता. बोध — वेळेवर कामाला लागावं. पंधरा सेकंदांत उरकतो मी. बोध सांगायला अक्कल लागत नाही, आवाज लागतो.

मनीषा नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत. अकरा वर्षांची घोडी झाली, तरी शेजारच्या पोरीला सांगत होती — ये मेरे बाबा हैं. विनता म्हणते, तुम्ही नाटक कंपनीतच जायला हवं होतं, उगाच कारखान्यात आलात. बायकोचं हे कौतुक की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवार, २७ नोव्हेंबर

आज एक गोष्ट केली. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

आमचं काम तसं सोपं. ट्रेमध्ये तोफगोळ्यांच्या पितळी टोप्या येतात. प्रत्येकीला गेज लावायचा. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. टोपी बरोबर निघाली की तिच्यावर आपल्या नंबरचा ठप्पा मारायचा. ठप्पा म्हणजे आमची सही. एक माणूस, एक ठप्पा, कोणाच्या हाती द्यायचा नाही — भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय. पण दोन महिने डबल शिफ्ट चाललीय. ठप्पे झिजतात, नव्यानं कोरायला टूलरूममध्ये जातात, आठ-आठ दिवस परत येत नाहीत. तोवर हात बांधून बसायचं? सगळेच एकमेकांचे ठप्पे मारतात. फोरमनला माहीत आहे. तो तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघतो.

माझा ठप्पा मंगळवारपासून टूलरूममध्ये. म्हणून विठोबाजींनी त्यांचा नऊ नंबर माझ्या हातात दिला. ते हाफ डे घेऊन गेले, नातीला — बेबीला — दवाखान्यात न्यायचं होतं. विठोबाजी माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. बारा वर्षांपूर्वी गेज धरायला त्यांनीच शिकवलं. जाताना म्हणाले, 'गेज लावल्याबिगर एकही मारू नको.'

तीन ट्रे उरले होते. आणि तीन वाजता क्लबात उद्याच्या पिक्चरची ट्रायल! आधी बघितल्याशिवाय मी सांगणार कसा? भय्यासाहेबांनी गेटपास दिला होता, काम संपल्यावर जावे असं त्यावर लिहून. एक ट्रे नीट तपासला. एकही टोपी खराब नाही. मग म्हटलं उरलेल्या दोनांत काय वेगळं असणार! ठक ठक ठक ठक. गेज न लावता. सायकल काढली आणि सुटलो.

पिक्चर मात्र फार सुंदर. नदीकाठी सगळ्या प्राण्यांची घरटी. पूर आला तर घंटा वाजवायची पाळी म्हाताऱ्या कासवाची. एक दिवस कासव घंटा बदकाच्या पिल्लाकडे देऊन जातं. पिल्लू थोडा वेळ बसतं, मग लांबून जत्रेचे ढोल ऐकू येतात आणि घंटा टाकून पळतं. पाणी येतं, घरटी वाहून जातात. सगळे कासवावर तुटून पडतात — घंटा तुझी, दोष तुझा. कासव एक शब्द बोलत नाही. शेवटी पिल्लू स्वतःच घंटा वाजवून सगळ्यांना गोळा करतं आणि सांगतं — मी गेलो होतो. मग सगळे कासवाला मिठ्या मारतात.

बोध सोपा आहे. ज्यानं केलं त्यानं सांगावं. पंधरा सेकंद.

ट्रायल संपता संपता मशीनचा दिवा उडाला. उद्याचा खेळ रद्द. एवढी धावपळ फुकट!

सोमवार, २९ नोव्हेंबर

नऊ नंबर परत केला. विठोबाजींनी विचारलं, सगळ्यांना गेज लावला ना? म्हटलं, हो.

शनिवार, ४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. काल संध्याकाळी रेडिओवर ऐकलं. आता बारा तासांची शिफ्ट, सुट्ट्या बंद. विनता ब्लॅकआउटसाठी बडा फुहाऱ्याच्या बाजारात काळा कागद आणायला गेली होती, एकाही दुकानात शिल्लक नाही. शेवटी माझी जुनी छत्री फाडून खिडकीला लावली.

कारखान्यात सगळे झपाटल्यासारखे काम करताहेत. फोरमननं सांगितलं की इथून निघालेली प्रत्येक टोपी थेट आपल्या जवानांकडे चालली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग एकदम ते दोन ट्रे आठवले.

मंगळवार, ७ डिसेंबर

सापडले.

दोन्ही ट्रे. पुढच्या शॉपमध्ये टोप्या बसेनात, तेव्हा कोणीतरी गेज लावला. अर्ध्याहून जास्त खराब. नशीब म्हणायचं की कारखान्याबाहेर गेल्या नाहीत. पण लाइन दीड दिवस बंद पडली, ऐन लढाईत. प्रत्येक टोपीवर नऊ नंबर.

दुपारी विठोबाजींना ऑफिसात बोलावलं. ते उठले, गेज पुसून डब्यात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि गेले. रागानं नाही बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी जागेवरून हललो नाही. हातातली टोपी तशीच धरून होतो. तिला चार वेळा गेज लावला!

गुरुवार, ९ डिसेंबर

विठोबाजी सस्पेंड. चौकशी चालू आहे. कँटीनमध्ये लोक काय काय बोलून राहिलेत. एक जण म्हणाला, ऐसे वक्त में ऐसा काम, ये तो गद्दारी है. दहा वर्षं त्यांच्या डब्यातला ठेचा मागून खाणारा माणूस! मी मान खाली घातली. भाजी संपवली.

चौकशीत विचारलं म्हणे, ठप्पा कोणाला दिला होता का. विठोबाजी म्हणाले, ध्यानात नाही. आमच्या टेबलावरच्या आठही जणांना माहीत आहे की त्या शनिवारी दुपारी ते नव्हतेच. पण एकानं तोंड उघडलं तर ठप्प्यांची सगळी भानगडच बाहेर येईल. हजेरीबुकात पण त्यांचा पूर्ण दिवस लागलाय. फोरमनच लावतो तसा, आपल्या माणसांची हाफ डे वाचावी म्हणून. त्याची ही मेहेरबानी आता विठोबाजींच्याच गळ्यात आलीय.

मी का बोलत नाही? नोकरी जाईल म्हणून. क्वार्टर जाईल, मनीषाची शाळा जाईल. ही सगळी कारणं खरी आहेत. पण सगळ्यांत खरं कारण लाजिरवाणं आहे. लोक विचारतील, लढाई तोंडावर आली होती तेव्हा हा गृहस्थ काम टाकून गेला कुठं? तर बदक बघायला.

रविवार, १२ डिसेंबर

शिफ्ट सुटल्यावर अधारतालपर्यंत सायकलनं गेलो आणि परत आलो. तिकडं काही काम नव्हतं. विठोबाजींच्या क्वार्टरसमोरून जायचं नव्हतं, एवढंच.

शुक्रवार, १७ डिसेंबर

लढाई जिंकली! काल बातमी आली. कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले, गुलाल उधळला. माझ्याही डोक्यावर कोणीतरी मूठभर टाकला.

गुलाल तसाच डोक्यावर घेऊन विठोबाजींकडे गेलो. आज हिंमत आली होती. ते ओट्यावर बसून बेबीच्या बाहुलीचा हात शिवत होते. मी पायरीवर बसून बाहुलीकडे बघत राहिलो. शेवटी दोरा दातानं तोडून म्हणाले, 'मी तुझं नाव घेणार नाही, रामकृष्ण. पण तुझं तोंड तुझ्यापाशी आहे. वाट पाहून राहिलो मी.'

त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, आतून चहा आणला. पेढाही दिला. मी खाल्ला आणि आलो. सांगतो म्हणालो नाही. नाही सांगत असंही म्हणालो नाही.

रविवार, १९ डिसेंबर

हे आजच लिहायला हवं.

विजयाच्या आनंदात भय्यासाहेबांनी आज खेळ ठेवला. मशीनला नवीन दिवा आला. हॉलच्या खिडक्यांना अजून काळे कागद आहेत, त्यामुळे भर दुपारी छान अंधार. तोच पिक्चर. मी म्हटलं घसा दुखतोय. भय्यासाहेब म्हणाले, गरम पाणी मागवतो.

तीनशे पोरं. मनीषा पहिल्या रांगेत, मांडीवर बेबी.

सुरुवात बरी गेली. पिल्लाला मी बोबडा आवाज दिला, पोरं लोळली. जत्रा आली, ढोल वाजवले. मग पूर. मग सगळे प्राणी कासवाला घेरून उभे राहिले, आणि मला पडद्यावर कासव दिसेनाच. ओटा दिसला. दोरा तोडणारे दात दिसले. तेवढ्यात पिल्लानं घंटा वाजवली आणि चोच उघडली. मी माइक तोंडाशी नेला.

नाही आलं तोंडातून! एक साधं वाक्य. मैं गया था. तीन शब्द. बदकाच्या पिल्लाच्या नावावर बोलायचं होतं, माझ्या नावावर नव्हे. तरी आलं नाही.

आलं ते वेगळंच. 'सुनो बच्चों,' मी म्हणालो, 'घंटा वाजलीय, कारण कासवदादाला काही सांगायचं आहे.' मग कासवाचा जाड आवाज काढून म्हणालो की चूक माझीच, लहान्या पिल्लाला कोणी बोलू नका, मी म्हातारा आहे, मी जातो. पडद्यावर प्राणी धावत येऊन कासवाला मिठ्या मारायला लागले. चित्राला अगदी चपखल बसलं! मी म्हटलं, बघा, सगळे कसे रडताहेत, किती थोर मन. बोध — मोठ्यांनी लहानांचं पोटात घालावं.

एवढ्या टाळ्या मला आजपर्यंत पडल्या नव्हत्या. बेबी तर सगळ्यांचं थांबल्यावरही वाजवत होती. भय्यासाहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, हा पिक्चर पुन्हा ठेवू, जानेवारीत.

सोमवार, २० डिसेंबर

सकाळी मनीषा शाळेची वेणी घालून घेता घेता म्हणाली, 'बाबा, कासव तो कुछ बोला ही नहीं.'

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

'पिल्लू म्हणालं ना, इट वॉज मी. मैंने साफ सुना. तुम्ही काहून बदललं?'

मी म्हणालो, लहान पोरांना तसंच सांगावं लागतं. विनतानं वेणी थांबवून माझ्याकडे बघितलं. मनीषा अच्छा म्हणाली. तिच्या ह्या अच्छाचा अर्थ मला चांगला कळतो. लहानपणी तिला सांगितलं होतं की तिचं मांजर दुसऱ्या गावी राहायला गेलं, तेव्हाही असंच म्हणाली होती.

ज्या पोरीला इंग्रजी यावं म्हणून मी काटकसर करून कॉन्व्हेंटमध्ये घातलं, तिलाच ते आलं. आणि ते मलाच नडलं.

बुधवार, २२ डिसेंबर

रात्री विनताला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. बराच वेळ तांदूळ निवडत होती. मग एवढंच म्हणाली की क्वार्टर गेलं तर माझ्या भावाकडे राहू, पण तुम्ही बेबीच्या तोंडाकडे कसं बघता?

कागद घेतला. 'मी, रामकृष्ण, खाली सही करणारा' इथून सुरुवात केली आणि सगळं लिहिलं. ठप्पा कसा घेतला, किती ट्रे, किती वाजता, कुठं गेलो. बदकाचं पण लिहिलं. पाच वेळा फाडला, सहाव्यांदा ठेवला. उद्या सकाळी ऑफिस उघडताच देतो. फार दिवसांनी भूक लागली.

गुरुवार, २३ डिसेंबर

साडेनऊला चौकशी करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. साहेबांनी वाचला. दोनदा वाचला. मग कपाटातून विठोबाजींची फाइल काढून माझ्यासमोर उघडली.

विठोबाजींनी मंगळवारी लिहून दिलंय. घाईत गेज लावला नाही, चूक माझी, ठप्पा कोणालाही दिला नव्हता. तीन वर्षं बाकी असताना नोकरी सोडतो, पेन्शन द्यावी. खाली सही. वरून मंजुरीसुद्धा आलेली.

साहेब हिंदीत म्हणाले, लढाई संपली, केस संपली, सगळे खुश आहेत. आता दोन ट्रेंसाठी मी अजून एक गुन्हेगार कुठं ठेवू? माझा कागद त्यांनी एका बोटानं माझ्याकडे सरकवला.

मी घेतला.

घेतला! घडी करून खिशात घातला आणि थँक्यू सर म्हणालो. थँक्यू म्हणालो. सुटलो असं वाटलं मला, जिना उतरताना. पूर्ण तेरा पायऱ्या मी खुश होतो. हे ह्या वहीशिवाय कुठंच लिहिता येणार नाही.

पण त्यांनी सही का केली? शुक्रवारी तर वाट बघतो म्हणाले होते. सोमवारपर्यंत ऑफिसात ठामपणे सांगत होते की मी केलेलं नाही. मंगळवारी असं काय झालं?

रविवार, २ जानेवारी १९७२

वाघाच्या मिशांचा पिक्चर. मनीषा आली, पण मागं दाराजवळ उभी राहून बघितला. बोध काय सांगितला ते आठवत नाही.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. सत्यभामाबाई विनताकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. उद्या जातात ते, क्वार्टर सोडून. तिरोड्याला धाकट्या भावाचं घर आहे, त्यातली एक खोली मिळणार. चोवीस वर्षांचं सामान चार पेट्यांत बसलं म्हणाल्या.

जाताना माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. 'यांनी काहून सही केली, मला सांगत नाहीत. तुम्ही जवळचे. तुमच्यापाशी काही बोलले का?'

नाही, म्हणालो. हे खरं होतं. पण ह्या महिन्याभरात माझ्या तोंडून खरंसुद्धा खोट्यासारखं निघतंय.

मनीषा बेबीला आपली रंगपेटी देऊन आली. मी सांगितलं नव्हतं.

शनिवार, १५ जानेवारी

हाऊबाग स्टेशनवर गेलो, गोंदियाच्या छोट्या गाडीवर पोचवायला. मनीषा सायकलच्या कॅरिअरवर बसून आली. पेट्या चढवल्या. कारखान्यातून दुसरं कोणी आलं नव्हतं.

गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मी खिडकीशी उभा राहून विचारलं, सही का केली? विठोबाजींना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं.

'तूच तर निरोप धाडला. बेबीनं घरी येऊन सगळा सिनेमा करून दाखवला, तुझ्या आवाजात. कासवानं आपल्यावर घेतलं म्हणे. मी समजलो, तुझ्यानं बोलणं होत नाही, तू मलाच ते आपल्यावर घ्या म्हणून राहिला. एक दिवस विचार केला. म्हटलं, चलो, पोरगा आपल्या हाताखाली शिकला आहे.'

गाडी हलली. असं नव्हतं, एवढंही मला म्हणता आलं नाही. बेबी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

मनीषा माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. येताना ती कॅरिअरवर बसली नाही. मी सायकल हातात धरून पुढं, ती दहा पावलं मागं. अर्ध्या वाटेवर मी थांबलो आणि खिशातला तो कबुलीचा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो रस्त्यात उभं राहून वाचला, घडी केली, परत दिला.

उद्या रविवार. भय्यासाहेबांनी तोच पिक्चर ठेवलाय.

दारात चपला काढताना ती म्हणाली, 'बाबा, उद्या मी पहिल्या रांगेत बसते.'